पानांवर साखर पडते ती पहाट

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, साहेब, कामाबद्दल लिहिलं तर पानभर होईल. चुकांबद्दल लिहायला लागलो तर अंकात दुसऱ्या कुणाला जागा उरणार नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय.

मी लोकांच्या बागा सांभाळायचो. तीसेक वर्षं, धुळ्यात आणि जळगावात. बंगल्यांच्या, दवाखान्यांच्या, एखाद्या कारखान्याच्या. कात्री, खुरपं, पाइप आणि मोटारसायकल एवढाच पसारा. अलीकडे गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी थांबलो. आमच्या कुसुमताईंचं, म्हणजे सौभाग्यवतींचं, म्हणणं असं की मी थांबल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतली झाडं जोमानं वाढायला लागली आहेत.

या कामाबद्दल विचारायचं म्हटलं की लोक उन्हाळ्याबद्दल विचारतात. साहजिक आहे. खानदेशचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. पण माझी जी काही अब्रू गेली ती बहुतेक थंडीत गेली. आमच्याकडे थंडीनं झाडं मरतात, हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. जळगावचा केळीवाला मात्र लगेच मान हलवील.

होतं असं. डिसेंबर-जानेवारीत चार-दोन पहाटा अशा येतात की आभाळ स्वच्छ असतं आणि वारा पार पडलेला असतो. दिवसभर जमिनीत जिरलेली ऊब रात्री वर निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखे आड येतात. नसले तर कुणी अडवणारं नाही. मग जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतार धरते आणि खळग्यात साचते. पेपरात आकडा छापून येतो तो माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीत, सावलीला ठेवलेल्या यंत्राचा. गवताच्या पात्याला त्याहून गार लागत असतं. पेपरात पाच अंश म्हटलेलं असतं त्या पहाटे खळग्यातलं दव गोठून पांढरं झालेलं असू शकतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: पेपर कालची थंडी सांगतो. झाड मरतं ते आजच्या थंडीनं.

हे सगळं मला आज किती सुरेख सांगता येतं बघा. ज्या दिवशी आठवायला हवं होतं त्या दिवशी यातलं एक अक्षर आठवलं नाही. ते भोवलं करीमचाचांना.

करीमचाचा म्हणजे धुळ्यातले सुतार. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. दारं, चौकटी, देव्हारेसुद्धा करायचे. त्यांच्या रस्त्यावरच्या दुकानापुढं एक जुना गावठी आंबा होता. आमच्याकडं गावठी आंब्यांना माणसांसारखी नावं असतात, चवीवरून, वासावरून. याचं नाव शेप्या. फळ कापलं की शेपूचा वास यायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा चाखला की दुसरा आंबा साखरपाणी वाटायचा. चाचांची एक बहीण सुरतेला दिलेली, दोघं भाऊ मालेगावात. वर्षभर कुणी कुणाकडं फिरकायचं नाही. पण ज्येष्ठात शेप्या उतरवला की सगळी भावंडं धुळ्याला, झाडाखाली खाटा टाकून आठ दिवस.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडासकट दुकानही मोजणीत आलं. पावसाळा संपला की तोडणार, असं कळलं. चाचा माझ्याकडं आले.

"प्रकाश, याची कोय लावून देतोस का? दुसरीकडं वाढवू."

"कोयीतून तोच आंबा येत नाही, चाचा. लेकरू आईसारखं निघतंच असं नाही. हाच हवा असेल तर कलम बांधावं लागेल."

त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कुठलीही आंब्याची कोय रुजवायची. कोवळं रोप आलं की त्याचा शेंडा छाटून, देठाला चीर देऊन, तिच्यात आपल्याला हव्या त्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवायची आणि घट्ट बांधायची. जुळलं की मुळं एकाची आणि वरचं झाड दुसऱ्याचं. चाचांना हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे खाच करून सांधा मारायचा," ते म्हणाले. "मग त्यात तुझं काय विशेष?"

श्रावणात मी तीन कलमं बांधली. कोयी एका हॉटेलच्या मागच्या ढिगातून आणल्या. आमरसाच्या, कुठल्या झाडाच्या देव जाणे. एक कलम जुळलंच नाही. दुसरं जुळलं, पण कौतुकानं इतकं पाणी पाजलं की ते कुजून गेलं. पाऊस संपल्यावर यंत्र आलं आणि शेप्या दोन तासांत आडवा झाला. पुढच्या ज्येष्ठात भावंडं आली नाहीत. कुणी तसं बोललं नाही, प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. म्हणजे आता पृथ्वीच्या पाठीवर शेप्याची एकच काडी उरली होती, वीतभर, माझ्या ओट्यावरच्या काळ्या पिशवीत. त्या पावसाळ्यात ती चाचांच्या नव्या दुकानामागं लावली. "हा आंबा धरेल तेव्हा सगळ्यांना बोलावीन," चाचा म्हणाले.

तुम्ही विचाराल, या माणसाला तोवर काही अक्कल आलेली नव्हती का? आली होती. कशी आली तेही सांगतो, म्हणजे पुढचा गुन्हा केवढा होता ते कळेल.

पहिला धडा धुळ्यातल्या एका अक्कांचा. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून लेकाकडं राहायला आलेल्या. बंगला लेकाचा, बाग अक्कांची. मी नवा होतो. थंडी पडली म्हणून अंगणातल्या पपईला आणि जास्वंदीला गोणपाट गुंडाळलं. बुंध्याला वेढे, वर पानांचं गाठोडं बांधून गळ्याशी सुतळीची गाठ. मागं सरून बघितलं. चार झाडं कानटोप्या घालून उभी. मला फार माया दाटून आली. अक्का ओसरीतून बघत होत्या.

"काय रे भाऊ, त्यासले शाळामा धाडानं शे का?"

"थंडी आहे ना, अक्का. म्हणून मफलर बांधला."

"माणूसना आंगमा ऊब ऱ्हास, म्हनीसन त्याले गोधडी कामनी. झाडना आंगमा काय शे? बठ्ठी ऊब जमीनमा शे. ती आडाव."

सगळी ऊब जमिनीत आहे, ती अडव, असं त्यांचं म्हणणं. मी हसून सोडून दिलं. दोन पहाटांनंतर गाठोड्यातली पानं काळी. अक्कांनी मात्र कोपऱ्यातल्या तुळशीवर चार काठ्या रोवून जुनं लुगडं टाकलं होतं, तंबूसारखं, पार जमिनीला टेकेल असं. तुळस हिरवीगार. तीस वर्षांत मी या विषयावर जे काही शिकलो ते सगळं त्या एका वाक्यात होतं. झाडाला गुंडाळायचं नसतं, त्याच्यावर छप्पर धरायचं असतं, आणि छपराची कड जमिनीपर्यंत न्यायची असते. मातीतून वर येणारी ऊब आत कोंडली की झालं. पुढं मी हे ज्ञान गावभर स्वतःचं म्हणून सांगत फिरलो. अक्का आता नाहीत. त्या असत्या तरी त्यांनी हक्क सांगितला नसता, नुसत्या हसल्या असत्या. ते जास्त लागलं असतं.

दुसरा धडा जळगावच्या शेठजींकडचा. कापडाचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानातलं. बागेत क्रोटनच्या रंगीत कुंड्या ओळीनं. मी शहाणा झालेला होतो, छप्पर धरलं. पण प्लास्टिकचं, आणि तेही पानांना चिकटलेलं. सकाळी जिथं जिथं प्लास्टिक टेकलं होतं तिथं तिथं पान भाजल्यासारखं. शेठजींच्या आई, माँसा, काठी टेकत आल्या. "पन्नी कांई करेली? कपड़ो ओढाओ," म्हणाल्या आणि लेकाकडं वळून बघितलं. शेठजी आईपुढं बोलत नसत. संध्याकाळी दुकानातून शिल्लक तागे आले: राणी, पोपटी, केशरी, एकावर जर. मी बांबू रोवून सगळे चढवले. दुसऱ्या दिवशी शेठजींचे एक परिचित फाटकातूनच तणतणत आत आले. "घरात लग्न काढलं आणि आम्हाला साधा फोन नाही?" त्यांना चहा पाजून, क्रोटन दाखवून परत पाठवावं लागलं. झाडं मात्र एकूण एक वाचली.

तिसरा नरडाण्याचा. तिथल्या एका कारखान्याची बाग माझ्याकडं होती. जुनी माणसं सांगायची, पहाटे ओला पाला जाळून धूर केला की थंडी लागत नाही. मी सूर्योदयाआधी चार ठिकाणी ओलं गवत पेटवलं. वारा नव्हता. धूर बागेवर थांबला नाही, वर चढला आणि कारखान्याच्या शेडवर जाऊन बसला. पुढं काय झालं ते आगीच्या भोंग्यानं गावाला सांगितलं. पहाटपाळीचे सगळे कामगार मैदानात रांगेत उभे, कुडकुडत, आणि मी हातात फावडं घेऊन त्यांच्यासमोर. मॅनेजरसाहेब आले.

"झाडं वाचली का?"

"नाही, साहेब."

"माणसं वाचली. जा, चहा घ्या."

धुराचा मार्ग मी त्या दिवसापासून सोडला आणि पाण्याचा धरला. थंडीची चिन्हं दिसली की दुपारीच बागेला पाणी द्यायचं, विहिरीचं असेल तर उत्तम, ते हिवाळ्यात कोमट असतं. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, कोरडी लगेच सोडते. एवढं साधं आहे.

तर इतका सगळा शिकलेला, बागांत मान असलेला मी त्या हिवाळ्यात चाचांच्या कलमाकडं बघत होतो.

दुकानामागची ती जागा नाल्याच्या काठची. चार पायऱ्या उतरून जावं लागतं. कलम गुडघ्याएवढं झालेलं, बोटाएवढ्या जाडीचं. ऑक्टोबरचं ऊन लागू नये म्हणून चाचांनी त्यावर सागाच्या फळ्यांचा सुबक मांडव केला होता, वर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकलेल्या. दिवाळी झाली आणि मी तो मांडव काढायला निघालो. आमच्या मुलखाची ही सवयच आहे. आमची सगळी बांधाबांध उन्हाविरुद्ध असते. ऊन उतरलं की आम्ही आडोसे काढून टाकतो आणि झाडांना म्हणतो, खा आता कोवळं ऊन.

"राहू दे ना," चाचा म्हणाले. "त्रास काय देतोय तो?"

"ऊन मिळायला नको? चाचा, तुम्ही लाकडाचं बघा. झाडाचं मी बघतो."

हे वाक्य मी ज्या सुरात बोललो तो सूर मला आजही ऐकू येतो. कुणी उसना मागितला तर फुकट देऊन टाकीन.

डिसेंबरात एका दुपारी मी जळगावला शेठजींच्या क्रोटनवर तागे चढवत होतो. चाचांचा फोन.

"थंडी वाढली रे. त्या लेकरावर काही टाकू का?"

"पेपरात आठ आहे, चाचा. आठला आंब्याला काही होत नाही."

"पण खाली नाल्याजवळ..."

"काही होत नाही. ऊन खाऊ द्या त्याला."

फोन खांद्याला लावून, दोन्ही हातांनी दुसऱ्याच्या झाडांना पांघरूण घालत मी हे बोललो. खळगा, उघडं आभाळ, पेपर कालचा, एकही गोष्ट डोक्यात आली नाही. आली असती तरी काय, मी तज्ज्ञ होतो. तज्ज्ञाला प्रश्न विचारला की उत्तर आधी येतं आणि विचार मागून. संध्याकाळी धुळ्याला परतलो, जेवलो, झोपलो.

पहाटे नमाज आटोपून चाचा मागं उतरले आणि तिथूनच त्यांनी फोन केला.

"प्रकाश, पानांवर साखर पडली आहे. दिसतंय छान, पण मला बरं वाटत नाहीये."

मी चप्पल उलटीसुलटी घालून निघालो. नाल्याकाठचं वाळकं गवत पांढरं झालं होतं. आंब्याच्या सात-आठ पानांवर बारीक दाणे चमकत होते. चाचा किटली घेऊन उभे.

"गरम पाणी ओतू?"

"नको, नको! आणखी फाटतील पानं. उन्हाच्या बाजूनं चादर धरा. हळूहळू वितळू दे."

आम्ही दोघं चादरीची दोन टोकं धरून उभे राहिलो. चाचांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. दुपारी पानं लोंबली, उकडलेल्या पालकासारखी. चार दिवसांत तपकिरी झाली आणि कुरकुरीत वाळली. काडी वरून काळी पडत खाली येऊ लागली.

"कापू का हे मेलेलं?"

"होळीपर्यंत हात लावू नका. जीव कुठपर्यंत शिल्लक आहे ते आत्ता कळत नाही. नवी पालवी सांगेल. आत्ता कापलं तर जिवंतही कापलं जाईल."

"ठीक. लाकूड वाळायला दोन वर्षं थांबतो मी. होळी काय, आलीच."

ही थंडीतली सर्वांत अवघड गोष्ट: काही न करणं. मी लोकांना हे शेकडो वेळा सांगितलं, आणि दर चार दिवसांनी स्वतः नाल्याकाठी उतरून, कुणी बघत नाही असं बघून, नखानं साल खरवडली. प्रत्येक वेळी हिरवा रंग आणखी खाली गेलेला असायचा.

होळीला आठवडा असताना फोन आला. "आलं! आलं रे!"

मी गेलो तर चाचांच्या हातात पेढ्यांचा पुडा. सुरतेच्या बहिणीला सांगूनही झालं होतं. पायऱ्या उतरलो, गुडघे मोडून वाकलो. जमिनीपासून दीड बोटावर तांबूस, लकाकता फुटवा, लहान लेकराच्या कानाएवढा. फार सुंदर होता.

पण कलमाचा सांधा जमिनीपासून चार बोटांवर होता. गाठ स्पष्ट दिसत होती. फुटवा तिच्या खाली होता. गाठीच्या वर सगळं काळं. म्हणजे जमिनीच्या उबेत जेवढं होतं तेवढंच वाचलं होतं, आणि ते शेप्याचं नव्हतं. ती हॉटेलच्या ढिगातली कोय होती. शेप्या संपला होता, आता कायमचा.

सांध्याखालचा फुटवा दिसला की माळी तो अंगठ्यानं खुडून टाकतो. सवयीनं माझा अंगठा पुढं गेला. मग मी तो हात खिशात घातला.

"ठीक आहे ना?" चाचांनी वरून विचारलं.

"जोरदार आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. शब्द मी निवडून घेतला होता. मग पेढा खाल्ला. दुसराही खाल्ला, कारण त्यांनी पुडा पुढं धरला होता.

घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं.

"पेशंट गेला आणि तुम्ही पेढे खाऊन आलात?"

"मग काय करू?"

"सांगा जाऊन. ते काय तुम्हाला रंधा मारणार आहेत का?"

मी तीनदा सांगायला गेलो. एकदा गिऱ्हाईक बसलेलं होतं. एकदा चाचांनी सुरतेला फोन लावून माझ्या कानाशी धरला आणि बहीण इतकं भरभरून बोलली की मी "हां जी, हां जी" करत राहिलो. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, फोन नव्हता, चाचा एकटेच होते. त्या वेळी नुसताच भ्यालो.

सांगण्याऐवजी मी शोधायला लागलो. कुणाच्या तरी बांधावर शेप्याचं जुनं कलम असेल तर काडी आणून याच फुटव्यावर बांधता येईल, असा हिशेब. चाचांच्या वडिलांनी कधीकाळी जामनेरच्या कुणाला तरी शेप्याचं एक कलम दिलं होतं, असं बोलण्यात आलं होतं. मोटारसायकलनं गेलो. दोन दिवस विचारत फिरलो. ती जागा सापडली. तिथं गोदाम उभं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या आबांना झाड आठवत होतं. "वास यायचा त्याला," एवढं म्हणाले. परत आलो. चाचांना त्याबद्दलही काही बोललो नाही.

फुटवा मात्र वाढत गेला. पावसाळ्यात कमरेएवढा झाला. गावठी तो गावठी, त्याला कुणाची पर्वा नव्हती. मी जायचो, बघायचो, "जोरदार आहे" म्हणायचो. दुसरा शब्द मला सापडतच नव्हता.

मार्गशीर्षात चाचांचा फोन आला. "थंडी पडायला लागली. दुपारी येऊन जा."

गेलो तेव्हा ते मागं बसून चौकट ठोकत होते. चार पाय, वर आडव्या पट्ट्या, सांधे खाचेत बसवलेले. शेजारी घडी घातलेली जाड चादर. मी पायरीवर बसलो. झाडाकडं बघवेना. एवढं बारीक काम, आणि कशासाठी?

"चाचा, एक सांगायचंय."

"सांग. तो खिळा दे आधी."

खिळा दिला.

"हे शेप्या नाही."

हातोडी थांबली नाही. खिळा पूर्ण आत गेला, मग ते म्हणाले, "मालूम है."

"कधीपासून?"

"तू पेढे खाल्लेस तेव्हापासून. तू वाकलास, अंगठा पुढं केलास, मग हात खिशात घातलास. मी म्हटलं, याला काय दिसलं? तू गेल्यावर मी बसून नीट पाहिलं. अरे, पन्नास वर्षं लाकडाला लाकूड जोडतोय मी. सांधा कुठं आणि पान कुठं, एवढं कळणार नाही मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

त्यांनी चौकट उलटी करून पाय तपासले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "याला वाटतंय की मला कळलेलं नाही. राहू दे. एक तरी माणूस खुशीत आहे, असं याला वाटू दे."

"चूक माझी होती, चाचा. मांडव मी काढला. झाकू नका म्हणून मीच सांगितलं."

"हो. तूच सांगितलंस." ते इतकं सरळ म्हणाले की मला एकदम हलकं वाटलं. नऊ-दहा महिने मी या एका वाक्याची वाट बघत होतो.

"आणि सुरतेला?"

"तिला नाही सांगितलं. उन्हाळ्यात येणार आहे झाड बघायला. मालेगावचे दोघंही येतो म्हणतायत. फळ नाही, काही नाही, तरी येतायत. इथं खाटा कुठं टाकायच्या, मला त्याची काळजी पडलीय."

मी उठून झाडाजवळ गेलो. पान चुरगळून बघितलं. नुसत्या कैरीचा वास, शेपूचा मागमूस नाही. फळ आलं तरी आंबट येणार, धाग्याचं येणार. मी ते सगळं त्यांना सांगितलं. आता काहीच लपवायचं नव्हतं. आणि वर म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला करता? हे गावठी आहे, काटक आहे. त्याला चालतं."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"जंगली है, तो क्या ठंड नहीं लगती?"

मी पाइप जोडला आणि आधी माती भिजवून घेतली. मग दोघांनी मिळून चौकट झाडावर उतरवली, फांदी मोडू न देता, आणि चादर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली. कडेला ठेवायला चाचा एकेक वीट हातात देत होते, मी लावत होतो.